आकड्यांचा भगत

मटका हा शब्द माहीत नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडणं अवघड. पण तो ज्यानं सुरू केला, त्या माणसाचं नाव विचारा, कट्टा गप्प होतो. मसाला विकत फिरणारा एक कच्छी फेरीवाला राज्यभर पसरलेल्या जुगाराचा मालक कसा झाला, त्याची ही गोष्ट. आणि त्याचं गणित आज आपल्या मोबाइलमध्ये कसं येऊन बसलंय, त्याचीही.

'मटका अड्ड्यावर छापा' ही बातमी तुम्ही शंभर वेळा वाचली असेल. टपरीच्या मागून दोघं-तिघं धरले जातात. रोख रक्कम, चिठ्ठ्या, मोबाइल जप्त होतात. त्या चिठ्ठ्यांवरची भाषा ठरलेली असते. ओपन, क्लोज, जोडी, पत्ती. कुठं 'कल्याण' लिहिलेलं असतं, कुठं 'वरळी'.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना कल्याण म्हणजे ठाण्याच्या पुढचं रेल्वे स्टेशन वाटतं. तसं नाही. हे कल्याण म्हणजे कल्याणजी भगत. माणूस जाऊन तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी त्याच्या नावावर अजून रोज पैसे लागतात. एखाद्या ब्रँडच्या मालकालाही असं नशीब क्वचितच मिळतं.

कच्छ ते वरळी

कल्याणजी मूळचे कच्छमधल्या रताडिया गावचे. घर शेतकऱ्याचं. आडनाव खरं तर गाला. घराणं देवभक्त, म्हणून कच्छच्या राजानं त्यांना 'भगत' ही पदवी दिली आणि तीच पुढं आडनाव झाली, असं सांगतात. आपल्याकडं भगत म्हणजे अंगात येणारा, लोकांना पुढचं सांगणारा माणूस. हा भगत कुणाचं भविष्य सांगत नव्हता. पण लोक त्याच्याकडं उद्याची आशा घेऊनच यायचे.

१९४१ साली कल्याणजी मुंबईत आले. सुरुवातीला मसाल्याची फेरी केली. नंतर वरळीत किराणा मालाचं दुकान टाकलं. मुंबईत कच्छी माणसाचं धान्याचं किंवा किराण्याचं दुकान ही नेहमीची गोष्ट, त्यामुळं इथपर्यंतचा प्रवास त्या काळच्या कितीतरी माणसांसारखाच होता.

फरक पडला तो जागेमुळं. वरळी, परळ, लालबाग म्हणजे गिरणगाव. दुकानासमोरून पाळी सुटलेले कामगार जायचे. कोकणातले, साताऱ्याचे आणि आपल्या कोल्हापूरचे. एका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे, खाणावळीत जेवायचे, पगार झाला की गावाला मनिऑर्डर करायचे. चैत्र पौर्णिमेला रजा मिळाली तर जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळायला यायचे आणि यात्रा झाली की परत गिरणीत. किराणा दुकानदाराला अशा माणसाची सगळी माहिती असते. पगार कधी होतो, उधारी कधी वाढते, महिनाअखेरीला खिशात किती उरतात. कल्याणजींचं पहिलं भांडवल हेच होतं.

न्यूयॉर्कचा कापूस, मुंबईचा आकडा

त्या वेळी मुंबईत एक वेगळाच सट्टा चालायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात कापसाचा दर उघडताना किती आणि बंद होताना किती, हे आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये यायचे. त्या आकड्यांवर लोक पैजा लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. पैज लावणाऱ्या कितीतरी जणांचा कापसाच्या व्यापाराशी काही संबंध नव्हता. त्यांना हवा होता फक्त बाहेरून येणारा, आपल्या हातात नसलेला एक आकडा.

कल्याणजी वरळीत हे पैसे घ्यायला लागले. विनोद महल नावाच्या इमारतीच्या आवारात संध्याकाळी त्यांची बैठक असायची. ज्या कामगारानं दिवसभर गिरणीत कापसाचं सूत काढलं, तोच संध्याकाळी कापसाच्या दरावर पैसे लावायचा, हा योग विचार करण्यासारखा आहे.

कुंपणाच्या आत आणि बाहेर

इथं थोडं थांबून शेजारी बघू. वरळीला लागूनच महालक्ष्मी. तिथं रेसकोर्स.

आपला जोतिबा घोड्यावर बसलेला देव, त्यामुळं डोंगरावर घोड्याला मान आहे. पण घोड्यावर पैसे लावायची पद्धत इंग्रजांबरोबर आली. मुंबईत आधी भायखळ्याला शर्यती व्हायच्या. १८८३ मध्ये महालक्ष्मीचं सुमारे २२५ एकरांचं रेसकोर्स झालं. शर्यती भरवणाऱ्या क्लबला १९३५ मध्ये 'रॉयल' ही उपाधी लागली, आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव आजही आहे.

आता कायदा बघा. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला आणि तिथं खेळणाऱ्याला, दोघांनाही शिक्षा सांगतो. पण घोड्यांच्या शर्यतीसाठी त्यात वेगळी वाट आहे. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, शर्यतीच्या दिवशी, त्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत पैसे लावले तर तो गुन्हा नाही. १८७२ च्या करार कायद्याचंही तसंच. पैजेचे पैसे कोर्टात जाऊन वसूल करता येत नाहीत, असं कलम ३० सांगतं. मात्र घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसासाठी जमवलेल्या वर्गणीला त्याच कलमात सूट आहे.

म्हणजे एकाच भागात दोन माणसं पैसे लावत होती. एक टोपी घालून कुंपणाच्या आत, दुसरा बनियनवर चाळीच्या बोळात. पहिल्याला तिकीट मिळायचं, दुसऱ्याला पोलिसांचा दंडुका.

यात दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायला हवी. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल दिला. घोड्याचं वंशावळीपासून आधीच्या शर्यतींपर्यंत सगळं रेकॉर्ड असतं. जॉकी कोण, पाठीवर वजन किती, अंतर किती, याचा अभ्यास करता येतो. आकड्यात अभ्यासाला काहीच नसतं. हा फरक खरा आहे. पण गिरणी कामगाराला हा अभ्यास करायला वेळ नव्हता, रेसकोर्सवर जायला सुट्टी नव्हती आणि रेसचा सीझन वर्षभर नसतो. मुंबईचा हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात. कल्याणजींचा जुगार रोज होता, दारात होता आणि खिशाला परवडेल एवढ्या पैशात होता.

बाजार बंद, जुगार सुरू

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे आकडे थांबले. खरं तर धंदा तिथंच संपायला हवा होता. ज्या कापसावर पैसे लावायचे, तोच राहिला नाही.

पण लोकांना कापूस कधीच नको होता. हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी आकडा स्वतःच काढायचा ठरवलं. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकायच्या आणि एक उचलायची. मडकं म्हणजे मटका. नाव तिथून पडलं. १९६२ मध्ये कल्याणजींनी वरळी मटका सुरू केला. तो आठवड्याचे सातही दिवस चालायचा.

पुढं मडकं गेलं आणि पत्ते आले. पद्धत अशी. चित्रांची पानं बाजूला काढायची, एक्का म्हणजे एक, दश्शी म्हणजे शून्य. तीन पानं उघडायची. समजा ३, ५, ६ आली. बेरीज १४, शेवटचा आकडा ४. हा झाला ओपन. काही तासांनी पुन्हा तीन पानं. २, ८, ९ आली, बेरीज १९, आकडा ९. हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी ४९. तीन पानांचा जो संच, ती पत्ती. ओपन रात्री नऊच्या सुमाराला, क्लोज मध्यरात्री.

शाळा न शिकलेल्या माणसालाही हे पाच मिनिटांत कळतं. आणि ओपन लागला की क्लोज येईपर्यंत झोप लागत नाही, ही त्यातली खरी मेख. अर्धी जोडी जुळलेली असते ना!

साखळी कशी वाढली

मटक्याला मोठा हॉल लागत नाही. एक माणूस, एक पेन्सिल आणि चिठ्ठ्यांचं पॅड असलं की अड्डा तयार. पानाची टपरी, चहाचं हॉटेल, सलून, कुठंही. चिठ्ठी लिहिणारा आपलं कमिशन कापून पैसे वरच्या बुकीकडं द्यायचा, बुकी त्याच्या वरच्याकडं. आकडा मुंबईत निघायचा आणि फोनवरून गावोगावी पोचायचा. गिरणी कामगार गावी येताना कपडे, मिठाई आणायचा, तसा हा नादही घेऊन आला. मुंबईत सुरू झालेला खेळ पुढं आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचला, तो असा माणसांच्या वाटेनं.

आता कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी जरा विचार करा. या धंद्यात पावती नाही. करार नाही. कुणी बुडवलं तर कोर्टात जाता येत नाही, पोलिसात तर नाहीच नाही. मग अनोळखी माणसं हजारो चिठ्ठीवाल्यांकडं रोज पैसे का देत होती?

कारण लागलेला आकडा चुकता व्हायचा. ज्याचा आकडा लागला त्याला दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले की ती बातमी अख्ख्या चाळीत फिरायची. नव्वद जण हरलेत याची बातमी होत नाही, एक जण जिंकला याची होते. जाहिरातीवर एक पैसा खर्च न करता कल्याणजींच्या धंद्याची जाहिरात रोज होत होती, आणि ती करत होते त्यांचेच गिऱ्हाईक. किराणा दुकानात वजनात मारलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं, हे त्यांना आधीपासून ठाऊक असणार.

म्हणूनच मटक्याच्या गोष्टी सांगणारे जुने लोक अजूनही म्हणतात की पूर्वीचा मटका इमानदार होता. आपल्याला खरं कोडं इथंच सोडवायचं आहे.

जोतिबाच्या वाटेवरचं गणित

समजा, कोल्हापुरातून शंभर भाविक जोतिबाला निघालेत. वाटेत सगळ्यांनी दहा-दहा रुपये एका आकड्यावर लावले. दहा जणांनी शून्यावर, दहा जणांनी एकावर, असं करत नऊपर्यंत. जमले १,००० रुपये. आकडा अगदी इमानदारीनं निघाला. समजा, सात. सातवाल्या दहा जणांना एकास नऊ या साधारण भावानं प्रत्येकी ९० रुपये मिळाले. वाटले ९०० रुपये. उरलेले १०० रुपये मटकेवाल्याचे.

त्यानं काही चोरलं नाही. पानं लपवली नाहीत. तरी त्याला शंभर मिळाले. उद्या परत मिळतील. जोडीचंही तेच. शक्यता शंभरात एक, भाव साधारण एकास नव्वद. म्हणजे इथंही शंभरातले दहा त्याचे.

दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण खेळणारा एकदा खेळून थांबत नाही. हातात आलेले पैसे तो पुन्हा लावतो. मग शंभराचे सरासरी नव्वद, नव्वदचे एक्क्याऐंशी, असं करत सातव्या खेपेला निम्म्याच्या खाली येतात. बाविसाव्या खेपेला दहाच्याही खाली. ओपन आणि क्लोज धरले तर रोज दोन खेपा. म्हणजे अकरा दिवस. डोंगराच्या पहिल्या पायरीला शंभर घेऊन निघालेला माणूस देवळात पोचेपर्यंत नारळालाही महाग होतो.

रेसकोर्सवर टोटमध्येही असंच होतं, हे लक्षात घ्या. सगळ्यांचे पैसे एकत्र करतात, कर आणि क्लबचा वाटा आधी कापतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. घोडा कुठलाही आला तरी कापणाऱ्याचं नुकसान नाही. कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं गणित या एका बाबतीत सख्खं भाऊ आहे.

आणि ते आकड्यांचे तक्ते? गेल्या वर्षभरात कुठला आकडा किती वेळा आला, कुठला बरेच दिवस आला नाही, म्हणून तो आता येणारच, असं सांगणारे? पत्त्यांना कालचं काही आठवत नाही. दहा दिवस सात आला नसला तरी अकराव्या दिवशी त्याची शक्यता दहात एकच. बारावीच्या प्रोबॅबिलिटीच्या धड्यात आपण हेच शिकतो आणि पेपर झाला की विसरतो.

तेव्हा इमानदार मटका आणि बेइमान मटका यांत खेळणाऱ्याच्या दृष्टीनं फरक एवढाच, की पहिल्यात पैसे हळू जातात. उलट इमानदार जास्त घातक, कारण त्यावर विश्वास बसतो. कल्याणजी चोख वागले म्हणून त्यांचा धंदा वाढला, आणि धंदा वाढला म्हणून जास्त घरांतला पगार गेला. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

भागीदार, सरकार आणि संप

या धंद्यात कल्याणजींकडं एक मॅनेजर होता. फाळणीनंतर कराचीहून आलेला सिंधी तरुण, रतन खत्री. १९६४ मध्ये त्यानं वेगळं होऊन न्यू वरळी मटका काढला. हा आठवड्यातून सहा दिवस. पुढं नाव जास्त गाजलं ते खत्रीचंच. फिरोज खानच्या 'धर्मात्मा' या १९७५ च्या सिनेमातलं एक पात्र त्याच्यावर बेतलं होतं, असं सांगतात. आणीबाणीत तो १९ महिने तुरुंगात होता. बाहेर आला आणि पुन्हा धंद्याला लागला. मटका किंग ही पदवी खत्रीला मिळाली. कल्याणजी सिनेमाच्या झगमगाटापासून लांबच राहिले.

सरकारला हे सगळं दिसत होतंच. १२ एप्रिल १९६९ ला महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. लोकांनी बेकायदा आकड्याऐवजी सरकारी तिकिटाकडं वळावं, पैसा सरकारी तिजोरीत यावा, असा त्यामागचा विचार. म्हणजे कुंपणाच्या आत आता घोड्यांबरोबर लॉटरीही आली. मटका मात्र बंद झाला नाही.

त्याला खरा धक्का बसला तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत. कामगार गावी परतले, कोल्हापूर जिल्ह्यातही कितीतरी जण आले. ज्या पगारावर मटका उभा होता तो पगारच थांबला. पण तोवर मटका गिरणीवर अवलंबून राहिला नव्हता. त्याची मुळं गावागावांत गेली होती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कल्याणजी गेले. धंदा मुलाकडं, सुरेश भगतकडं आला. २००८ मध्ये अलिबागजवळ सुरेशच्या गाडीला ट्रकनं धडक दिली आणि सोबतच्या माणसांसह तो ठार झाला. आधी अपघात वाटला. तपासात निघालं की तो कट होता, मटक्याच्या मालकीसाठी. २०१३ मध्ये मुंबईतल्या विशेष न्यायालयानं आरोपींना दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यात त्याच्या घरचीच माणसं होती. हजारो घरांचे पैसे ज्या धंद्यात गेले, त्या धंद्यानं शेवटी मालकाचं घरही सोडलं नाही.

आता चिठ्ठी कुठं आहे?

टपरीवरची चिठ्ठी आता फोनवर आली आहे. 'कल्याण' नावानं आकडे देणाऱ्या साइट्स आहेत, चॅनेल्स आहेत, 'आजचा फिक्स आकडा' विकणारे आहेत. फिक्स आकडा ज्याला खरंच माहीत असेल तो स्वतः खेळेल, दोनशे रुपयांना तुम्हाला कशाला विकेल, एवढा साधा प्रश्न विचारला तरी पुरे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा १८८७ पासून होताच. तेव्हाही लोक बोळातून जात होते, आताही जातील.

फरक एक आहे. कल्याणजींच्या गिऱ्हाइकाला निदान संध्याकाळपर्यंत थांबावं लागायचं, पायी जावं लागायचं, चिठ्ठीवाल्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागायचा. उधारी किती झाली ते चाळीला कळायचं. आता हॉस्टेलच्या खोलीत, पांघरुणात, रात्री दोन वाजता मेसचे पैसे जातात आणि शेजारच्या कॉटवरच्या मित्रालाही कळत नाही. पहिल्यांदा शंभर जिंकलेला मित्र ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो. नंतर हरलेल्या दोन हजारांचा स्क्रीनशॉट कधीच येत नाही. चाळीतली जाहिरात अशीच चालायची, आठवतंय ना?

कोल्हापूरकरांना नादाचा अभिमान आहे. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, तांबड्या-पांढऱ्याचा नाद. त्यात घामाचं, चवीचं काहीतरी परत मिळतं. कल्याणजी भगत नावाच्या हुशार, मेहनती आणि बहुधा व्यवहाराला चोख माणसानं जो नाद लावला, त्यात शंभरातले दहा आधीच ठरून गेलेले होते. मित्रानं पुढच्या वेळी तुम्हाला लिंक पाठवली तर त्याला रागावू नका. बसवून जोतिबाच्या वाटेवरच्या त्या शंभर भाविकांचा हिशोब सांगा. कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं लागतात.